मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांशी कसे बोलतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न पाठवणारे नाना तऱ्हेचे आहेत. गोवा बोर्डाच्या बारावीची मुले, नर्सिंगचे विद्यार्थी, फुटबॉल खेळणारे, कुणाच्या आईला मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) निघालेला, कुणाच्या कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, साप चावलेला. पण बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागेवर येतात: मज्जातंतू संपतो आणि स्नायू सुरू होतो त्या फटीवर. तिथल्या पायऱ्या एकदा कळल्या की विष, औषध, आजार यांतला कोण कोणत्या पायरीवर घाव घालतो ते आपले आपल्याला सांगता येते. म्हणून प्रश्न ३ कुणी गाळू नये. सर्पदंश किंवा विषबाधा प्रत्यक्ष झालेली असेल तर मात्र इथे वाचत बसू नका, आधी १०८ ला फोन करा.

१. मज्जातंतू स्नायूला चिकटलेला असतो का?

नाही. अगदी जवळ येऊन थांबतो. मध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट राहते, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. या जागेला चेता-स्नायू संधी म्हणतात. पोटरी हलवणारी चेतापेशी बसलेली असते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत. तिथून तिचा एकच धागा कंबर, मांडी, गुडघा करत खाली येतो, जवळजवळ मीटरभर. एवढे अंतर तो संदेश विजेच्या रूपात आणतो, सेकंदाला ५०-६० मीटर वेगाने. शेवटची ५० नॅनोमीटर मात्र रसायनाने ओलांडायची. रायबंदरला रस्ता संपतो आणि चोडण बेटावर जायला फेरीबोट धरावी लागते, तसे. फरक एवढाच की इथली बोट एकाच दिशेने भरून जाते. स्नायूकडून हुकूम त्याच फटीतून उलटा येत नाही. स्नायू किती ताणला गेलाय ही खबर मेंदूकडे जाते ती वेगळ्या, संवेदनेच्या मज्जातंतूंनी.

२. करंटच आहे ना? मग तो फट उडी मारून का ओलांडत नाही?

तारेत इलेक्ट्रॉन वाहतात, मज्जातंतूत तसे काही वाहत नाही. तिथे पेशीच्या पटलातून सोडियम आत येते, पोटॅशियम बाहेर जाते आणि ही उलथापालथ पुढे पुढे सरकते. आता प्रमाण बघा. मज्जातंतूचे टोक इवलेसे, स्नायूतंतू त्यामानाने अवाढव्य. टोकातून निसटणाऱ्या एवढ्याशा प्रवाहाने त्याच्या पटलावर काही परिणाम व्हायचा नाही. रसायन मध्ये आले की संदेश मोठा होतो.

हे सहज पटलेले नाही. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित केला, त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला आणि दुसरेही हळू पडले. म्हणजे द्रवात काहीतरी उतरले होते, तेच ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन. पण ते हृदय होते. हातापायांच्या स्नायूंतही मज्जातंतू ॲसिटिलकोलीनच सोडतात हे हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये दाखवले. त्याच वर्षी लोवी आणि डेल यांना नोबेल मिळाले.

३. सर, पेपरात लिहिता येईल असा पूर्ण क्रम सांगा.

विजेचा संदेश टोकाला पोचतो. तिथल्या पटलात कॅल्शियमचे चॅनेल असतात, व्होल्टेज बदलले की उघडणारे. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी जास्त, त्यामुळे दार उघडताच ते आत धावते. आत ॲसिटिलकोलीनने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पटलाला टेकून तयार असतात. त्यांना पटलाशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांना स्नेअर म्हणतात. कॅल्शियम आले की पिशवी पटलात मिसळते आणि तोंड बाहेर उघडून रिकामी होते.

ॲसिटिलकोलीन फट ओलांडते. पलीकडे स्नायूच्या पटलाला घड्या पडलेल्या असतात आणि घड्यांच्या माथ्यावर निकोटिनिक रिसेप्टर, म्हणजे ॲसिटिलकोलीन पकडणारी प्रथिने, दाटीवाटीने उभे असतात. प्रत्येक रिसेप्टर पाच प्रथिनांचा. त्याला ॲसिटिलकोलीनचे दोन रेणू लागले की मधली वाट उघडते. सोडियम आत येते, थोडे पोटॅशियम बाहेर जाते, आणि उणे ९० मिलिव्होल्टवर स्वस्थ बसलेला स्नायूतंतू त्या जागी झपाट्याने कमी उणे होतो. हा झाला एंड-प्लेट पोटेन्शियल. त्याने उंबरठा ओलांडला की शेजारचे व्होल्टेजवर चालणारे सोडियम चॅनेल उघडतात आणि संदेश तंतूच्या दोन्ही टोकांकडे पसरतो. फटीत जाणारा वेळ एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर.

मुले एक चूक हटकून करतात: कॅल्शियम एकदाच लिहितात. ते दोनदा येते. एकदा मज्जातंतूच्या टोकात, बाहेरून. दुसऱ्यांदा स्नायूच्या आत, स्वतःच्या साठ्यातून (प्रश्न ६).

४. ॲसिटिलकोलीन हवे तेवढे सुटते की ठरावीक मापात?

मापात. एका पिशवीत साधारण ५,००० ते १०,००० रेणू, आणि पिशवी सुटली तर पूर्ण सुटते. पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर काम करताना पाहिले की मज्जातंतू गप्प असतानाही संधीवर अर्धा-एक मिलिव्होल्टचे छोटे धक्के अधूनमधून उमटतात. १९५२ मध्ये त्यांनी ते सविस्तर छापले. एकेक धक्का म्हणजे चुकून सुटलेली एकेक पिशवी. खरा हुकूम आला की काही डझन पिशव्या एकदम सुटतात. कॅट्झ यांना १९७० मध्ये नोबेलचा वाटा मिळाला.

लागते त्यापेक्षा सुटते कितीतरी जास्त. ही शिल्लक लक्षात ठेवा, प्रश्न ११ तिच्यावरच उभा आहे.

५. एका चेतापेशीच्या हाताखाली किती स्नायूतंतू असतात?

कामाप्रमाणे. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत दहाएक, पोटरीत हजार-दोन हजार, हाताच्या लहान स्नायूंत शे-तीनशे. एक चेतापेशी आणि तिचे सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट. तंतूला हुकूम मिळाला की तो पूर्ण आखडतो, अर्धवट नाही. मग घुमट वाद्यावर कधी हलकी, कधी जोरकस थाप कशी बसते? जोर वाढवायला मेंदू जास्त युनिटे कामाला लावतो आणि त्यांना घाईघाईने हुकूम देतो. युनिट जितके लहान, तितकी बोटे बारकाव्याची.

सामान्यतः एका तंतूवर एकच संधी असते. डोळ्याच्या काही तंतूंवर अनेक असतात, हा अपवाद.

६. संदेश स्नायूच्या पृष्ठभागावर आला. आतल्या धाग्यांना तो कसा कळतो?

पृष्ठभागाचे पटल जागोजागी आत बोगद्यासारखे शिरलेले असते. या टी-नलिका. संदेश त्यांतून खोल उतरतो. नलिकेच्या भिंतीतले एक प्रथिन व्होल्टेज ओळखते आणि शेजारच्या कॅल्शियमच्या साठ्याचे, म्हणजे सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलमचे, दार थेट ढकलून उघडते. बाहेर पडलेले कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, झाकण घालून बसलेले ट्रोपोमायोसिन बाजूला सरते, ॲक्टिनच्या धाग्यावरची जागा मोकळी होते आणि मायोसिनच्या धाग्याची डोकी तिथे पकड घेऊन ओढतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवर सरकतात. १९५४ मध्ये दोन वेगवेगळ्या जोड्यांनी हे एकाच वेळी मांडले: अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन. दोन्ही हक्सली एकमेकांचे कुणी नव्हेत.

७. आखडायला ऊर्जा लागते, सैल पडायला नाही, बरोबर ना?

चूक. सैल पडायलाही एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतोच. मायोसिनच्या डोक्याला नवा एटीपी मिळाला तरच ते पकड सोडते, आणि कॅल्शियम साठ्यात परत ओढणारे पंपही एटीपीवर चालतात. खात्री करायची तर म्हापशाच्या मासळी बाजारात जा. ताजा बांगडा डोक्याकडून धरला तर शेपूट ताठ राहते. मेल्यावर एटीपी संपलेला, पकडी लागल्या त्या सुटत नाहीत. पुढे एन्झाइमे मांस मोडू लागली की मासा मऊ पडतो आणि कोळीण भाव उतरवते. जाळ्यात फार तडफडलेला मासा लवकर ताठरतो, कारण त्याने एटीपी आधीच खर्चून टाकलेला असतो.

८. हुकूम संपला हे स्नायूला कसे कळते?

मला विचाराल तर या साऱ्या व्यवहारातला सर्वात देखणा भाग हाच, आणि क्रमिक पुस्तके तो एका ओळीत उरकतात. फटीतच ॲसिटिलकोलिनस्टरेज नावाचे एन्झाइम बसवलेले असते. ते ॲसिटिलकोलीनचे कोलीन आणि ॲसिटेट असे दोन तुकडे करते, मिलिसेकंदाच्या हिशेबात. कित्येक रेणू तर रिसेप्टरपर्यंत पोचायच्या आधीच तोडले जातात. कोलीन मज्जातंतूचे टोक परत आत घेते आणि त्याचेच नवे ॲसिटिलकोलीन बनवते. फट अशी दर वेळी साफ होते म्हणून बोट सेकंदात अनेकदा वाकवता-सोडता येते. साफसफाई बंद पडली तर काय होते ते पुढच्या प्रश्नात.

९. काजूवर फवारणी करताना विषबाधा झाली की तोंडाला फेस का येतो आणि अंग का थरथरते?

मोहोराच्या वेळी ढेकण्या किडीसाठी मारली जाणारी काही औषधे ऑर्गनोफॉस्फेट गटातली असतात. ती प्रश्न ८ मधले एन्झाइम बंद पाडतात. ॲसिटिलकोलीन साचत जाते. ग्रंथी, डोळे, आतडे यांवर त्याचे दुसऱ्या जातीचे रिसेप्टर असतात, मस्करिनिक. त्यांमुळे लाळ, घाम, अश्रू, जुलाब, बारीक झालेली बाहुली. हातापायांच्या स्नायूंवर निकोटिनिक. तिथे आधी फडफड, मग लुळेपणा.

लुळेपणा का, रसायन तर जास्त आहे? कारण पटल सतत उत्तेजित राहिले की सोडियम चॅनेल मिटून अडकतात. ते पुन्हा तयार व्हायला पटलाला मधे विश्रांती मिळावी लागते, ती मिळत नाही.

ॲट्रोपीन जीव वाचवते, पण फक्त मस्करिनिक बाजूचे. श्वासाच्या स्नायूंवर त्याचा उपयोग नाही. एन्झाइम सोडवायला प्रॅलिडॉक्झिम देतात आणि ते लवकर द्यावे लागते, कारण उशीर झाला की विष एन्झाइमला कायमचे जखडते. रुग्ण सावरल्यावर एक ते चार दिवसांत मान उचलेनाशी होणे, श्वास कमी पडणे असेही घडते, म्हणून "आता बरा आहे" म्हणून घरी आणू नये. बाधा झाल्या झाल्या कपडे काढून साबणाने अंग धुणे, हे मात्र कुणालाही करता येते.

१०. नाग आणि मण्यार दोन्ही लुळे पाडतात. मग डॉक्टर दोघांत फरक का करतात?

कारण घाव फटीच्या वेगवेगळ्या काठांवर बसतो. नागाचे विष मुख्यतः स्नायूच्या बाजूला, रिसेप्टरवर जाऊन बसते. ॲसिटिलकोलीनला जागाच मिळत नाही. मण्यारीच्या विषातला घातक भाग मज्जातंतूच्या टोकावर चालतो: पिशव्या संपवतो आणि टोकच उद्ध्वस्त करतो.

म्हणून नागदंशात प्रतिविषाबरोबर निओस्टिग्मिन दिले की बऱ्याचदा फरक पडतो. ते एन्झाइम अडवते, ॲसिटिलकोलीन वाढते आणि जागेसाठी विषाशी झगडू शकते. मण्यारीत सोडायलाच काही उरलेले नसते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, मोडलेले टोक जोडत नाही. ते नव्याने वाढेपर्यंत, कधी दिवस, कधी आठवडे, व्हेंटिलेटर श्वास सांभाळतो. एवढा काळ निभावला तर माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

मण्यारीची फसवी गोष्ट अशी की ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूजही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. पावसाळ्यात असे कुणाला झाले तर चाव्याची खूण शोधत बसू नका. हातपाय न हलवता जवळच्या इस्पितळात न्या, तिथून गरज पडल्यास गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात). चिरा देणे नाही, आवळून बांधणे नाही, देवळात नेणे तर नाहीच.

११. आई सकाळी ठीक असते आणि संध्याकाळी पापण्या मिटतात. डॉक्टर मायस्थेनिया म्हणतात. हा थकवाच नव्हे का?

नव्हे. मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रतिद्रव्ये बहुतेक रुग्णांत रिसेप्टरवरच हल्ला करतात. रिसेप्टर कमी होतात, घड्या सपाट होतात. आता प्रश्न ४ मधली शिल्लक आठवा. लागोपाठ हुकूम आले की दर वेळी सुटणाऱ्या पिशव्या थोड्या कमी होतात. हे आपल्या सर्वांतच होते, पण शिल्लक भरपूर असल्याने जाणवत नाही. आईकडे ती उरलेली नाही, म्हणून वापराबरोबर ताकद उतरते आणि विश्रांतीने परत येते. डोळ्यांचे स्नायू दिवसभर राबतात, त्यामुळे आधी तिथे दिसते.

पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवून पाहण्याची साधी चाचणी आहे. गारव्याने एन्झाइम मंदावते आणि पापणी वर येते. पायरिडोस्टिग्मिन गोळीने तेच साधले जाते. या कुळातल्या औषधाचा उपयोग पहिल्यांदा मेरी वॉकर या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९३४ मध्ये दाखवला. छातीतल्या थायमस ग्रंथीची तपासणीही करतात, कारण काहींना तिथे गाठ असते.

एक उलटा भाऊ आहे, लॅम्बर्ट-ईटन. त्यात प्रतिद्रव्ये मज्जातंतूच्या कॅल्शियम चॅनेलवर जातात. पहिल्या हालचालीला ताकद नसते आणि थोडे करत राहिले की वाढते, कारण टोकात कॅल्शियम साचत जाते. आणि मायस्थेनियाच्या घरात हे लिहून ठेवा: जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिके व शिरेतून दिलेले मॅग्नेशियम ताकद आणखी उतरवतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आजाराचे नाव आधी सांगा.

१२. बोटॉक्सने स्नायू सैल पडतो आणि धनुर्वाताने आखडतो. दोन्ही विषे एकाच घराण्यातली कशी?

दोन्ही क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंची आणि दोन्ही स्नेअर प्रथिनेच कापतात (प्रश्न ३). फरक ठिकाणाचा. बोटुलिनम चेता-स्नायू संधीवरच थांबते, पिशव्या सुटत नाहीत, स्नायू ढिला. धनुर्वाताचे विष मज्जातंतूतून वर मज्जारज्जूपर्यंत चढते आणि तिथे "आता थांब" सांगणाऱ्या चेतापेशींच्या पिशव्या अडवते. आवर घालणारे गप्प झाले की हुकूम देणारे मोकाट सुटतात. बोटॉक्सचा असर काही दिवसांत दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो.

१३. ऑपरेशनला "स्नायू सैल करायचे" इंजेक्शन देतात. त्यानेच झोप लागते का?

नाही, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. हे इंजेक्शन फक्त रिसेप्टर अडवते. माणूस जागा राहू शकतो, दुखू शकते, फक्त हलता येत नाही. झोपेचे आणि वेदनेचे औषध वेगळे. या औषधांचा पूर्वज कुरारे, दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणांवरचे विष. पोटातून ते नीट शोषले जात नाही, म्हणून शिकार खाता येत असे. मॉन्ट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ यांनी १९४२ मध्ये ते भुलेत वापरले.

सक्सामेथोनियम, ज्याला थिएटरमध्ये स्कोलिन म्हणतात, वेगळ्या वाटेने जाते. ते ॲसिटिलकोलीनचे सोंग घेऊन रिसेप्टर उघडते आणि तसेच धरून ठेवते (लुळेपणाचे कारण प्रश्न ९ मध्ये). रक्तातले एक एन्झाइम ते काही मिनिटांत मोडते. ते एन्झाइम जन्मतः सदोष असलेले लोक असतात, त्यांना त्याच डोसने तासन् तास व्हेंटिलेटरवर राहावे लागते. घरात कुणाला भुलेनंतर असे झाले असेल तर ऑपरेशनपूर्वी जरूर सांगा. सिझेरियनला कंबरेत देतात ते इंजेक्शन या फटीवरचे नाही, ते मज्जातंतूतच संदेश अडवते.

१४. केंड मासा खाल्ला तर माणूस का मरतो? नीट शिजवला तर चालतो का?

चालत नाही. फुगणाऱ्या केंडात टेट्रोडोटॉक्सिन असते, त्यावर चुलीच्या आचेचा परिणाम होत नाही. ते मज्जातंतूंचे व्होल्टेजवर चालणारे सोडियम चॅनेल बंद करते, त्यामुळे संदेश फटीपर्यंत पोचतच नाही. आधी ओठ आणि जीभ झिणझिणतात, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. प्रतिविष नाही, व्हेंटिलेटर हाच आधार.

१५. हृदय आणि आतडे यांतही हीच संधी असते का?

नाही. हृदयाच्या पेशी एकमेकींना थेट जोडलेल्या असतात आणि ठोका तिथल्याच पेशी सुरू करतात. मज्जातंतू फक्त वेग कमीजास्त करतो. तिथे ॲसिटिलकोलीन ठोका मंदावते, हातात तेच स्नायू आखडवते. रसायन एक, रिसेप्टर दोन.

१६. सामन्याच्या शेवटी पोटरीत गोळा येतो. फट बिघडते का? आणि भजनाला मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो तो?

दोन्हीत फट ठणठणीत असते. गोळा येतो तेव्हा मज्जारज्जूतली थकलेल्या स्नायूची चेतापेशी आवर सुटल्यासारखी हुकूम देत राहते. म्हणून पाय ताणला की उतरतो: स्नायुबंधातले ताण ओळखणारे अवयव तिला गप्प करतात. मीठ घातलेले लिंबूसरबत घामाने गेलेले भरून काढेल, पण मैदानात पडलेल्या खेळाडूचा तळपाय धरून वर ढकलणारा गोलकीपर जास्त उपयोगाचा. बधिर पायात मज्जातंतूवर आणि त्याच्या रक्तपुरवठ्यावर दाब येतो. उठलात की मुंग्या येऊन संदेश पूर्ववत.

१७. कॅल्शियमशिवाय पिशव्या सुटत नाहीत म्हणता. मग रक्तात कॅल्शियम कमी झाले की हात वाकडे होऊन आखडतात कसे? सैल पडायला हवेत.

हा प्रश्न पाठवणाऱ्याला पैकीच्या पैकी. कॅल्शियमची दोन कामे आहेत. टोकाच्या आत ते पिशवी सोडते, आणि पटलाच्या बाहेर राहून सोडियम चॅनेलना शांत ठेवते. रक्तात ते कमी झाले की दुसरे काम आधी ढासळते आणि मज्जातंतू कारण नसताना हुकूम देऊ लागतात. पिशव्या थोड्या कमी सुटतात खऱ्या, पण शिल्लक (प्रश्न ४) ती तूट झाकते. पिशव्या अपुऱ्या पडाव्यात इतके कॅल्शियम उतरायच्या खूप आधी हात आखडलेले असतात. परीक्षेच्या भीतीने भराभर श्वास घेणाऱ्या मुलीची बोटे वळतात तीही याच वाटेने: कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मोकळे कॅल्शियम घटते.

१८. अपघातात मज्जातंतू तुटला. जोडला तर स्नायू पुन्हा चालेल का?

चालू शकतो, पण वेळेशी शर्यत असते. तुटलेला धागा दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, म्हणजे कोपरापासून हातापर्यंत वर्षभरही जाऊ शकते. तोवर स्नायू सुकतो आणि फार उशीर झाला तर नवा धागा येऊनही संधी नीट जुळत नाही. म्हणून शस्त्रक्रिया लांबवू नये आणि फिजिओथेरपी मधेच सोडू नये.

यात एक अपवाद भुलेच्या डॉक्टरांना ठाऊक असतो, रुग्णांना नसतो. मज्जातंतू गेलेला स्नायू आपले रिसेप्टर फटीपुरते ठेवत नाही, साऱ्या पृष्ठभागावर पसरवतो. अशा माणसाला स्कोलिन दिले तर ते सगळे एकदम उघडतात, पोटॅशियमचा लोंढा रक्तात येतो आणि हृदय थांबू शकते. मोठी भाजणे आणि अर्धांगवायू यांतही दुखापतीनंतर काही दिवसांनी हाच धोका तयार होतो. त्यामुळे जुन्या दुखापतीचा कागद दुसऱ्या ऑपरेशनच्या फायलीत लावाच, ऑपरेशन दाताचे का असेना.